साक्ष्य अधिनियमाची दोन-रकानी खिशातली प्रत: ऐकीव पुराव्याच्या अपवादांवर घासून पाहिल्यावर

कोर्टासमोरच्या स्टॉलवर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 ची जी खिशात मावणारी बेअर ॲक्टची (म्हणजे भाष्याशिवाय नुसत्या कायद्याच्या मजकुराची) प्रत मिळते, तिच्याबद्दल हे लिहिलं आहे. अशा प्रती बऱ्याच निघाल्यात आणि रचना साधारण एकच: आधी नव्या कायद्याचा मजकूर, शेवटी 1872 च्या जुन्या साक्ष्य कायद्याच्या आणि नव्या कायद्याच्या कलमांचा दोन-रकानी तक्ता. लोक प्रत घेतात ती या तक्त्यासाठीच. म्हणून जिथे सर्वाधिक चुका होतात तिथे, म्हणजे ऐकीव पुराव्याच्या (दुसऱ्याकडून ऐकून सांगितलेल्या गोष्टीच्या) अपवादांवर, तो तपासणं रास्त. निष्कर्ष आधीच सांगते: आकडे शोधायला प्रत उत्तम, पण त्या आकड्यांच्या भरवशावर अर्ज किंवा युक्तिवाद लिहायला ती पुरत नाही.

मूळ नियम जुन्या कलम 60 मध्ये होता, तो आता 55 मध्ये आहे: पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्यानेच सांगायची, ऐकलेली ऐकणाऱ्याने. या कलमात ‘हिअरसे’ (ऐकीव पुरावा) हा शब्दच नाही. त्यामुळे प्रतीला विषयसूची आहे का, आणि तिच्यात हा शब्द टाकून 4, 15 ते 29 आणि 55 ही कलमं दाखवली आहेत का, हे आधी बघावं. सूची नसेल तर नवख्याला अपवाद सापडणारच नाहीत, कारण ते एका जागी नाहीत.

खरा कस लागतो कलम 26 वर, म्हणजे जुन्या 32 वर. बोलणारा माणूस मेला आहे, सापडत नाही, साक्ष द्यायला असमर्थ झाला आहे, किंवा त्याला आणायला अवास्तव वेळ वा खर्च लागेल, अशा चारच परिस्थितींत हे दार उघडतं. आठ पोटकलमं तशीच आहेत, फक्त (1) ते (8) ऐवजी (ए) ते (एच) झाली. तक्त्यात ‘32 = 26’ एवढीच ओळ असेल तर ती अपुरी आहे; पोटकलमवार जुळणी हवी. छपाईची चूक पकडायची असेल तर 26(जी) उघडा. जुन्या 32(7) मध्ये कलम 13(ए) चा उल्लेख होता, नव्यात तो 11(ए) हवा. तिथे 13 छापलं असेल तर मजकूर मन लावून तपासलेला नाही.

26(ए) म्हणजे मृत्युपूर्व जबाब. इथे तक्ता बरोबर असूनही वाचणारा घसरतो. मरणाची चाहूल लागलेली असणं आपल्या कायद्यात गरजेचं नाही. ते वाक्य कलमातच आहे, पण इंग्लंडचा जुना नियम डोक्यात असलेले ते वाचतच नाहीत. ‘मृत्यूला कारण ठरलेल्या घटनाक्रमाची परिस्थिती’ हे शब्द किती लांब जातात, ते प्रिव्ही कौन्सिलच्या (ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाच्या) 1939 च्या पाकला नारायण स्वामी निकालावरून आणि पुण्याच्या प्रकरणातल्या 1984 च्या शरद बिरधीचंद सारडा निकालावरून कळतं. दुसऱ्यात आत्महत्याही या कलमाच्या कक्षेत येते असं म्हटलं आहे. डॉक्टरांचा शुद्धीचा दाखला नसला म्हणजे जबाब बाद, ही समजूत 2002 मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या पाच न्यायमूर्तींच्या निकालाने मोडीत काढली: जबाब घेणाऱ्याची जखमी शुद्धीवर असल्याची खात्री पटली असेल तर पुरे. बेअर ॲक्टमध्ये निकाल नसतात, ही तक्रार नाही. पण इथे समासात दोन ओळींची टीप असती तर प्रतीची किंमत दुप्पट वाटली असती.

आणखी एक अडचण. जखमी वाचला तर तो जबाब 26(ए) खाली येत नाही. तो साक्षीला आल्यावर पूर्वीचं निवेदन म्हणून, पुष्टीसाठी (जुनं 157, नवं 160) किंवा विसंगती दाखवायला (जुनं 145, नवं 148) वापरता येतो. उलट पोलिसांनी तपासात नोंदवलेला जबाब एरवी पुरावा म्हणून चालत नाही, पण देणारा मेला तर चालतो; ही सूट फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 181(2) मध्ये आहे. साक्ष्य अधिनियमाची एकटी प्रत हातात असेल तर हा धागा दिसतच नाही. तिन्ही नवे कायदे (न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष्य अधिनियम) एकत्र बांधलेली जाड प्रत म्हणूनच जास्त कामाची, खिसा फुगला तरी.

कलम 4 (जुनं 6) लवकर तपासून होतं: मारहाणीवेळी बघ्यांनी काढलेले उद्गार. उदाहरण छापलेलं हवंच, कारण ‘इतक्या लगेच आधी किंवा नंतर’ ही अट तिथेच स्पष्ट होते. मधे विचार करायला वेळ मिळाला की उद्गार अपवादातून निसटतो.

कलम 27 (जुनं 33), म्हणजे आधीच्या खटल्यातली साक्ष. तीन अटी परंतुकात (कलमाला जोडलेल्या, ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या भागात) आहेत: पक्षकार तेच किंवा त्यांचे हितप्रतिनिधी (त्यांचा हक्क पुढे चालवणारे), उलटतपासाचा हक्क आणि संधी, वादमुद्दे मूलतः तेच. काही प्रतींत परंतुक इतक्या बारीक टायपात असतं की नजरेतून सुटतं, आणि अर्ज पडतो तो नेमका त्यावरच. 28 (जुनं 34) मधला ‘केवळ’ हा शब्द विसरू नये: हिशेबाच्या वह्या एकट्याने कुणावर देणं लादू शकत नाहीत. सुटे कागद तर वही ठरतच नाहीत, हे 1998 च्या व्ही. सी. शुक्ला निकालात सांगितलं आहे.

कलम 63 (जुनं 65बी), म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदींचं कलम, अनेक सूची अपवादांत घालतात. ते चूक आहे. हॅश व्हॅल्यूसह (फाईलची ओळख पटवणाऱ्या आकड्या-अक्षरांच्या मालिकेसह) भाग अ आणि भाग ब भरलेलं प्रमाणपत्र प्रिंटआउट दाखल करून घेतं. संदेशात लिहिलेलं खरं आहे हे त्याने ठरत नाही. त्यासाठी लिहिणारा साक्षीला आणा, किंवा 15 (पक्षकाराची स्वीकृती), 26, 28 यांपैकी एखादं दार शोधा.

विकत घेताना काउंटरवरच तीन पानं उघडा. तक्त्यात कबुलीजबाबाविषयीच्या जुन्या 28 आणि 29 समोर ‘वगळले’ असेल तर प्रत परत ठेवा. ती कलमं 22 ची परंतुकं झाली आहेत. जुनं 27 हे 23 च्या परंतुकात दिसायला हवं. आणि कलम 170 बघा: 1 जुलै 2024 च्या आधीपासून प्रलंबित असलेल्या कार्यवाहीला 1872 चाच कायदा लागू आहे. म्हणून जुन्या कायद्याचा पूर्ण मजकूर देणारी प्रतच घ्यावी, नुसत्या तक्त्याची नको. एखादा शब्द खटकला तर सरकारच्या इंडिया कोड संकेतस्थळावर मजकूर फुकट मिळतो; छापील पानावर दुरुस्ती पेन्सिलीने करावी, कारण या प्रतींच्या पातळ कागदावर शाई पलीकडे उतरते.