कर्णाचं कवच घरी करायचं तर: शाडू की फोम?

सोसायटीच्या गणेशोत्सवातलं नाटक असो की हौशी संस्थेची एकांकिका, कर्ण कोण करणार हे ठरलं की पुढचा प्रश्न कवचाचा. भाड्याने मिळतं ते बहुतेक भलत्याच कुणाच्या मापाचं असतं, आणि खांद्यापाशी त्याचा सोनेरी रंग उडालेला असतो. घरीच करू म्हणणाऱ्यापुढे मग दोन वाटा राहतात. ईव्हीए फोमचे (रबरासारख्या मऊ, स्पंजी प्लॅस्टिकचे) तक्ते कापून, तापवून, चिकटवून कवच उभं करायचं. किंवा धडाच्या पुतळ्यावर शाडूत ते घडवायचं, वर कागदाचे थर द्यायचे आणि वाळल्यावर टरफलासारखं उतरवून घ्यायचं. पीओपीचा साचा काढून फायबर ओतायची तिसरी वाटही आहे, पण फ्लॅटमध्ये रेझिनचा वास घेऊन शेजाऱ्यांशी संबंध टिकवणं अवघड, म्हणून ती सोडतो. पहिल्या दोन्ही मी करून पाहिल्या आहेत, त्यांच्याबद्दलच सांगतो.

फोम हे शिंप्याचं काम आहे आणि शाडू कुंभाराचं. वस्तू एकच असली तरी डोकं निराळं लागतं. फोमला आधी कागदी बेतणी हवी. अंगाला पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचं, वर चिकटपट्टी मारायची, पेनने रेषा आखायच्या, मग ते कापून सपाट करायचं. निम्मीच बाजू बेतायची आणि उलटवून दुसरी घ्यायची, म्हणजे डावं-उजवं आपोआप जुळतं. छातीचा फुगार कुठे टिपेत घ्यायचा, कमरेला किती चिमटायचं, हे सगळं कात्री लावण्याआधी डोळ्यांपुढे दिसावं लागतं. ज्यांना कापडाचे तुकडे बघून ब्लाउज दिसतो त्यांना हे जमतं. मला ते तुकडे शेवटपर्यंत तुकडेच दिसतात, हेही इथेच सांगून ठेवतो. माझं मत त्या हिशोबाने कमी-जास्त करून घ्या.

फोमचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. हलका असतो, घामाने बिघडत नाही, लोकलमधून नेताना चेपला तरी परत उठतो. हीट गनने, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने, पृष्ठभाग जरा तापवला की छिद्रं मिटतात, तकाकी येते, आणि गरम असतानाच पातेल्याच्या बुडावर दाबून धरला तर गोलाई धरतो. ब्लेड मात्र सतत नवं लागतं. बोथट पात्याने फोम कापला जात नाही, कुरतडला जातो. शिवाय काम मंगळवारी अर्धवट टाकून रविवारी पुन्हा हातात घेता येतं. नोकरी करणाऱ्याला ही सोय फार मोठी.

माझी फोमशी खटकली ती सांध्यावर.

कॉन्टॅक्ट गोंद दोन्ही कडांना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मग कडा एकमेकींना भिडवायच्या. भिडल्या की भिडल्या. सरकवायला वाव नाही. गळ्याशी कड जराशी पुढे-मागे बसली तर तो तिरकेपणा खाली बेंबीपर्यंत उतरतो, आणि सोडवायला जावं तर फोमचाच लचका निघतो. बरं, नीट बसलं तरी सांधा राहतोच. त्यावर लांबी (फटी बुजवायची पुट्टी) भरली, घासली, वर पाणी घातलेल्या फेविकॉलचे हात दिले की दिवसाउजेडी बोटालाही लागत नाही. सोनेरी रंग दिला आणि बाजूने स्पॉटलाइट टाकला की छातीच्या मधोमध सरळ रेघ उभी. धातूसारखा रंग प्रकाश परतवतो, त्यामुळे पृष्ठभागातली एवढीशी चूकही उजळते. साध्या तपकिरी रंगाखाली जे खपलं असतं ते इथे खपत नाही. त्यात नट खाली बसतो, वाकतो, श्वास घेतो. फोम वळतो पण लांबी तितकी वळत नाही, आणि दुसऱ्या प्रयोगापर्यंत रेघेची बारीक भेग होते. लवचीक सीलंट भरलं तर भेग पडायला वेळ लागतो, पण ते घासून गुळगुळीत करता येत नाही.

दुसरं कुठलं चिलखत असतं तर मी एवढं मनावर घेतलं नसतं. चार-आईना घ्या: पुढे एक, मागे एक, दोन काखांखाली दोन असे पत्रे, ते जाळीदार कड्यांच्या चिलखतावर बांधायचे. त्याला सांधे असणारच, ते दिसलेलेच बरे. तिथे फोमशी स्पर्धा नाही. पण कर्ण कवचासह जन्मला आहे. वनपर्वातल्या कुंडलाहरणाच्या कथेत तो ते अंगावरून कापून इंद्राला देतो, कारण ते नुसतं काढून ठेवता येण्यासारखं नाहीच. अशा कवचाच्या मधोमध शिवण दिसली की माझ्यापुरता कर्ण संपतो, समोर जॅकेट घातलेला माणूस उरतो. इतर प्रेक्षकांना हे जाणवतं का? बहुतेकांना नसेल. नटाला जाणवतं, एवढं मी पाहिलं आहे.

शाडूत शिवण नाही. हा एकच मुद्दा, पण माझं पारडं तिथेच झुकलं.

याचा अर्थ शाडू सरळ आहे असा नव्हे. सुकताना ती आकसते, खालचा पुतळा आकसत नाही, आणि ही ओढाताण जिथे थर पातळ तिथे भेग होऊन बाहेर पडते. गळ्याची कड आणि काखेचा घेर ही तिची ठरलेली ठिकाणं. म्हणून माती पूर्ण सुकू द्यायचीच नाही. रोज काम संपलं की ओलं फडकं, वर पॉलिथिन. आठवडाभर हात लागणार नसेल तरी कुणीतरी फडकं भिजवायला हवं, आणि घरात ही जबाबदारी कुणाच्या गळ्यात पडते हे सांगायला नको. डावं-उजवं जुळवणं ही दुसरी कटकट. मधोमध दोरा ताणून ठेवायचा, आणि मोबाइलवर फोटो काढून उलटा करून बघायचा. डोळा रोजच्या आकाराला सरावलेला असतो, उलट्या फोटोत वाकडेपणा लगेच कळतो. पण वाकडं निघालं तर काय? अंगठ्याने दाबायचं, दुसरीकडे गोळा लावायचा, लांब उभं राहून पुन्हा बघायचं. फोममध्ये हे स्वातंत्र्य तक्ता कापला त्या क्षणी संपलेलं असतं.

आकार मनासारखा झाला आणि माती जरा घट्ट झाली, की कागद. वर्तमानपत्र कापायचं नाही, फाडायचं. फाटलेली कड खालच्या थरात विरून जाते, कापलेली वर उठून दिसते. पहिला थर नुसत्या पाण्याने, म्हणजे मातीला चिकटत नाही. त्यानंतरचे पातळ फेविकॉलमध्ये. बुकबाइंडरसारखी मोरचूद घातलेली खळही चालते, पण मोरचूद विषारी आणि कवच अंगाशी येणार, म्हणून मी ती टाळतो. एक थर साध्या वर्तमानपत्राचा, पुढचा अर्थविषयक दैनिकाच्या गुलाबी कागदाचा, असं आलटून पालटून केलं की कुठे राहून गेलं ते रंगावरून कळतं. मध्ये एक थर जुन्या मांजरपाटाचा दिला तर कवचाला ताकद येते. सहा-आठ थर पुरतात. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याचे, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या सोंगांच्या उत्सवातले, कागदी मुखवटे नाचून नाचूनही टिकतात, तेव्हा कागदाच्या मजबुतीची फार काळजी नको.

कागदाच्या जाडीने नक्षी बुजते, हे खरं. म्हणून मातीत फक्त मोठे उठाव काढावेत; कडेची वळी सुतळीची, फुलं पुठ्ठ्याची, हे वरून चिकटवावं. आतून लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्यायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच प्रयोगाचा घाम कागदात जिरतो. वापरलेली शाडू बादलीत भिजत टाकली की पुन्हा कामाला येते. फोमचे उरलेले तुकडे माळ्यावर अजून पडून आहेत.

रंगमंचावर मात्र फोम काही बाबतीत पुढे आहे, हे मान्य करायला हवं. कागदी कवच ताठ असतं, त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग वेगळे ठेवून बरगडीशी वेल्क्रो लावावा लागतो. तोच नेमका इंद्राच्या प्रवेशात फर्रकन आवाज करतो. चामडी पट्टा आणि हूक आवाज करत नाहीत, पण घाईत सापडत नाहीत. आमच्या नटाने पट्टाच पसंत केला. लाकडी तलवारीचा फटका कागदावर बसला तर पोचा येतो, फोमला काहीच होत नाही. युद्धाचे प्रवेश जास्त असतील, किंवा कवच लहान मुलाला घालायचं असेल, तर मीही फोमच सुचवेन.

राहिला हवामानाचा प्रश्न, आणि तो आवडीनिवडीपेक्षा मोठा आहे. मे महिन्यात कागदाचा थर पंख्याखाली दिवसात वाळतो. श्रावणात तोच बाहेरून कोरडा लागतो आणि आत ओल धरून बसतो. घाई करून पुढचा थर चढवला की आत बुरशी आणि कुबट वास. गणपतीतलं नाटक असेल तर माती उन्हाळ्यातच लावायला हवी. नाटक आत्ताच ठरलं असेल आणि बाहेर पाऊस असेल, तर मन मारून फोम घ्या. फक्त बेतणी करताना शिवण छातीच्या मधोमध आणू नका. दोन्ही बाजूंना काखेकडे सरकवा, आणि तरीही एखादी रेघ पुढे राहिलीच तर ती कर्णाच्या हाराखाली जाईल अशी आखा. हार चांगला रुंद घ्या.