खिशातल्या जादा मॅगझिनची खुळखुळ: नऊ महिने वापरल्यानंतर

पिस्तुलाची जादा मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरून मुठीत सरकवायची पेटी, खिशात ठेवायला पाऊच घेतला होता; त्याची क्लिप गेल्या सोमवारी तुटली. दुकानात गिऱ्हाईक समोर बसलेलं, मी खालच्या कप्प्यातला वजनकाटा काढायला वाकलो आणि 'टक्' झालं. विकणाऱ्यांना फोन लावला तर पलीकडची बाई म्हणते, वॉरंटी सहा महिन्यांची, तुमचे नऊ झाले. साडेअकराशेची वस्तू आणि गेली कशानं, तर दोन रुपयांच्या पत्र्यानं. म्हटलं, आता लिहूनच टाकूया.

पिस्तुलाबद्दल फार सांगत नाही. सरकारी कारखान्यातलं .३२ बोअरचं. ९ मिलिमीटर सामान्य माणसाला बंदच, त्यामुळं वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांकडं हेच असणार. निपाणीत माझं चांदीचं छोटं दुकान आहे. परवाना वडिलांच्या वेळेपासून घरात, त्यांच्यानंतर माझ्या नावावर. डब्यातनं दोन मॅगझिन आल्या होत्या. त्यातली दुसरी पाच वर्षं कपाटात कागदात गुंडाळून होती.

ती बाहेर का काढली, तर एकदा घरी पिस्तूल रिकामं करताना मॅगझिनमधली वरची गोळी अंगठ्यानं सरकेना. घट्ट बसलेली. बेळगावच्या बंदूकवाल्या दुकानदारांना दाखवली, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून एका मिनिटात सांगितलं, ".३२ला होतंय हे." या काडतुसाच्या बुडाची कड कवचाच्या बाहेर किंचित येते, म्हणजे अर्धी कडवाली जात. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढं असावी लागते. ती मागं अडकली की दोन्ही एकमेकांत गुंततात, वरचं पुढं सरकतच नाही. मॅगझिनमध्ये पुढच्या बाजूला मोकळी जागा असली, गोळी आखूड असली, तर काडतुसं मागंपुढं हलतात आणि हे व्हायची शक्यता वाढते. बंदुका घडवणाऱ्या ब्राउनिंगसाहेबानं १८९९च्या सुमारास हे काडतूस काढलं तेव्हा ती कड कशासाठी ठेवली हे दुकानदारांनी मला दोनदा समजावलं, दोनदाही माझ्या डोक्यावरनं गेलं. एवढं मात्र कळलं की वेळेला हे झालं तर झटकून, ठोकून काही होत नाही. ती मॅगझिन काढायची आणि दुसरी घालायची. म्हणून जादा मॅगझिन. सोळा गोळ्यांची हौस म्हणून नव्हे.

पहिला महिनाभर मॅगझिन तशीच पँटच्या डाव्या खिशात टाकत होतो. त्याच खिशात चुन्याची डबी. (निपाणीचा माणूस आहे, तंबाखूबद्दल उपदेश नको.) एक दिवस डबीचं झाकण सैल झालं आणि मॅगझिनच्या तोंडात चुना गेला. वाळून दगड. टाचणीनं कोरून काढताना आई विचारते, "दात कोरतोयस व्हय बंदुकीचं?" त्या दिवशी पाऊच मागवला.

ऑनलाइन मिळाला तो काळ्या नायलॉनचा, आत कडक पट्टी, वर पत्र्याची क्लिप. खिशाच्या कडेला क्लिप अडकते, बाहेरनं पेन लावल्यासारखं दिसतं. लपण्याच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून तक्रार नाही. मॅगझिन उभी राहते, बूड वर, गोळ्यांची टोकं पुढं, हात खिशात घातला की तर्जनी आपोआप पुढच्या कडेला लागते. उजव्या हातात पिस्तूल म्हणून ही डाव्या खिशात, आणि त्या खिशात दुसरं काही म्हणजे काही नाही. एवढं पाळलं तर निम्मं काम झालं.

पण खुळखुळ!

पाऊच 'सगळ्या मापांना चालणारा' म्हणून विकलेला. म्हणजे ९ मिलिमीटरच्या जाड, दुहेरी रांगेच्या मॅगझिनच्या मापाचा. आमची .३२ची एकेरी, चपटी, काडीपैलवान मॅगझिन त्यात खुळखुळ्यातल्या खड्यासारखी हलायची. चालताना टक-टक. जिना उतरताना टकटकटक. इतर कुणाला ऐकू जात असेल असं नाही, बायको तर म्हणायची मला भास होतोय. पण माझा जन्म चांदीत गेलाय. कल्दार रुपया फरशीवर टाकून आवाजावरनं खरा-खोटा सांगणाऱ्याचा मी मुलगा. माझ्या खिशात लोखंड वाजतंय आणि मी गप्प बसू?

शिवाय दुकानदारांचं म्हणणं डोक्यात बसलेलं. मॅगझिन हलते म्हणजे आतली काडतुसंही हलणार, पुढंमागं होणार, म्हणजे पुन्हा तेच कड अडकणं. ज्या दुखण्यावर औषध म्हणून ही मॅगझिन बाळगायची, तेच दुखणं तिला खिशात लावून घ्यायचं! कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, "सर, प्रॉडक्ट युनिव्हर्सल साईझ आहे." मी लिहिलं, युनिव्हर्समध्ये .३२ येत नाही का? परत घ्यायला तयार झाले, कुरिअरचा खर्च माझा, १८० रुपये. नाही पाठवला. एकशे ऐंशीत इथं काय काय होतं हे त्यांना माहीत नाही.

एकशे ऐंशीत आमच्या गल्लीतल्या चप्पलवाल्या मामांनी चामड्याचा पाऊच शिवून दिला. मामा मूळचे अथणीकडचे. २०१९मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूरही आहेत, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात; नावात कोल्हापूर आणि टाके आमचे, असं त्यांचं म्हणणं. मॅगझिन रिकामी करून नेली, तिच्यावर ओलं चामडं बसवून मापात शिवलं. काय बसली! आत सरकवली की श्वास सोडल्यासारखा आवाज, बास. हलवा, आपटा, काही नाही. दोन महिने मी त्या पाऊचचं कौतुक येईल-जाईल त्याला सांगितलं असतं, फक्त ते सांगण्यासारखं नव्हतं एवढंच.

इथवर हे लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे मामांना दिले असते. पण श्रावणात एक दिवस साफ करायला गोळ्या काढल्या आणि बघतो तर वरच्या दोन पितळी कवचांवर हिरवट थर. टेबलावर मांडल्या होत्या, आईनं लांबूनच बघून निदान केलं: "कळकल्यात त्या. ताक ठेवलं हुतंस काय त्यात?" बरोबर होतं की. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट पडलं की जे होतं तेच. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, त्यातला तुरटपणा-आंबटपणा चामड्यात राहतो, वर पावसाळ्याची ओल आणि माझा घाम. पितळ हिरवं पडणारच. जुन्या शिकारी लोकांच्या चामडी पट्ट्यांतली काडतुसं अशीच हिरवी व्हायची, असं दुकानदार नंतर म्हणाले. आधी सांगितलं असतं तर! हिरवा थर चढलेलं काडतूस पिस्तुलात घालायचं नाही, त्या दोन बाजूला काढल्या. माझ्या परवान्यावर एका वेळी २५च आहेत, त्यातल्या दोन गेल्या म्हणजे हिशेब करा.

मामांना दोष नाही. चामडं चपलेचं, त्यांनी चपलेसारखं चोख काम केलं. तो पाऊच आता दुकानात चिमटा ठेवायला वापरतो. पोलादी चिमटा, त्याला अजून तरी काही झालेलं नाही.

आणखी एक मत याच काळात बदललं. मी रोज रात्री जादा मॅगझिन रिकामी करत होतो, स्प्रिंग दबून राहिली तर मरते म्हणून. वडीलही तसंच करायचे. दुकानदारांनी वेड्यात काढलं. स्प्रिंग दबलेली राहिल्यानं तेवढी झिजत नाही जेवढी रोज दाब-सोड केल्यानं झिजते. शिवाय रोज भरताना घाई झाली की कड उलटी बसायची संधी रोज एकदा. आता महिन्यातनं एकदा काढतो, पुसतो, एकेक काडतूस कड बघून भरतो, आणि भरून झाल्यावर वरच्याला अंगठ्यानं दाबून ते मोकळं सरकतंय का पाहतो.

मग परत नायलॉन. पैसे दिलेत ते वसूल झाले पाहिजेत. मित्र म्हणाला, आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटव. चांदीच्या दुकानदाराला रबर सुचवणारा मित्र! रबरात गंधक असतो, चांदीच्या पुडीला रबरबँड लावून ठेवा, आठवड्यात काळा वळ. पितळेचं तरी काय वेगळं होणार. मी दागिन्यांच्या डबीतली मखमल घेतली, आतून दोन्ही बाजूंनी चिकटवली, आणि शिंप्याकडनं पँटच्या डाव्या खिशात आणखी एक अरुंद खिसा शिवून घेतला, साठ रुपये. खुळखुळ संपली. पूर्ण संपली. वजनही जाणवेना. बसताना टोचत नाही, मोटरसायकलवर मांडीला लागत नाही. दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत मी जगातला सगळ्यात समाधानी मॅगझिनवाला होतो.

आता डिसेंबर.

आमचा माल हुपरीचा. पैंजण, जोडवी, करदोटे, सगळं हुपरीहून. हुपरी कोल्हापूर जिल्ह्यात, आणि माझा परवाना फक्त कर्नाटकापुरता. म्हणजे ज्या रस्त्यानं रोकड घेऊन जायचं आणि चांदी घेऊन यायचं, नेमक्या त्याच रस्त्यावर दूधगंगेच्या पुलापलीकडं माझं पिस्तूल बेकायदा. याच्यावर हसायचं की रडायचं हे गेली कित्येक वर्षं ठरलेलं नाही. सबंध भारताचा परवाना मागायचा विचार दर नूतनीकरणाला येतो आणि कागदांची यादी बघून जातो. तर, हुपरीला जाताना पिस्तूल घरच्या तिजोरीत. हा नियम मी कधी मोडला नाही.

त्या दिवशीही पिस्तूल तिजोरीतच होतं.

बेळगावात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन, महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा, म्हणजे सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर दरवर्षीचा बंदोबस्त. महाराष्ट्रातनं येणारे नेते अडवायला पोलीस उभे, आणि जाणाऱ्यांनाही उगाच दोन प्रश्न. हवालदार म्हणाला, "एन्री, एल्ली होंट्री?" म्हटलं, हुपरीला, चांदीला. गाडीचे कागद मागितले. कागद काढायला हात पँटकडं नेला आणि बोटं त्या अरुंद खिशाला लागली.

पोटात खड्डा म्हणजे काय ते तिथं कळलं. पिस्तूल घरी, मॅगझिन खिशात, आठ जिवंत काडतुसं, आणि पूल समोर दिसतोय. विमानतळावर बॅगेत विसरलेलं एक काडतूस सापडून माणसं अडकल्याच्या बातम्या आपण चहाबरोबर वाचतो आणि म्हणतो, असा कसा विसरतो माणूस? असा विसरतो. कागद दाखवले. त्यानं बघितले, परत दिले, मागच्या गाडीकडं गेला. अजून कर्नाटकात होतो, परवान्याची प्रत पाकिटात होती, म्हणून त्या क्षणापर्यंत गुन्हा काही नव्हता. शंभर मीटर पुढं गेलो असतो तर होता. गाडी वळवली. हवालदारानं हाक मारली, "याक्री?" म्हटलं, पैसे घरी विसरलो. तो हसला.

घरी येऊन मॅगझिन तिजोरीत ठेवली आणि पाणी प्यायलो. सगळं सांगितल्यावर बायको एवढंच म्हणाली, "अहो, आधी वाजत होती तेच बरं होतं की."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. नऊ महिने मी जी खुळखुळ मारण्यात घालवले, मामांचे एकशे ऐंशी, शिंप्याचे साठ, मखमलीचा तुकडा, दोन काडतुसं, तीच खुळखुळ रोज मला सांगत होती की मी खिशात आहे. कुणाला कळू नये म्हणून केलेल्या वस्तूचा माझ्या बाबतीतला दोष हा निघाला की ती मलाही कळेना.

आता व्यवस्था अशी. पाऊच आणि पिस्तुलाचं होल्स्टर एकाच दोरीला बांधलेले, तिजोरीत एकत्र. एक निघालं की दुसरं हातात येतंच, एक ठेवलं की दुसरं मागं राहत नाही. आणि पाऊचच्या खालच्या टोकाला बायकोनं हुपरीच्या पैंजणाचं एक घुंगरू शिवलंय. अगदी बारीक, मुगाएवढं. क्लिप तुटली तरी बिघडलं नाही, शिंप्याच्या खिशात पाऊच तसाच बसतो, म्हणून नवा मागवणार नाही. तारे द्यायचे तर पाऊचला अडीच, मखमलीला चार, चामड्याला पावसाळ्याबाहेर साडेतीन.

परवा चिकोडीला साडूच्या पुतण्याचं लग्न होतं. अशा ठिकाणी आपल्याकडं काय आहे हे लोकांना कळू न दिलेलंच बरं, नाहीतर वरातीत कुणीतरी "एक बार काढा की पाव्हणं" म्हणणारच, आणि २०१९पासून त्या एका बाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पंगतीत बसताना मांडी घातली तर किण्‌ झालं. शेजारचे म्हातारे गृहस्थ वळून बघायला लागले.

"नातीचं पैंजण," मी म्हटलं. "दुरुस्तीला आणलंय."