कॅटकॉन चोक झालाय का? ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर खरंच किती सांगतो

उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याकडच्या गॅरेजात एक तक्रार ठरलेली असते. गाडी सकाळी नीट निघते, पण वीस-पंचवीस किलोमीटर झाले की ओढेनाशी होते. पाय पूर्ण दाबला तरी आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा ३००० च्या पुढे जायला कुरकुरतो, अ‍ॅव्हरेज पडतं, पायाखालचा पत्रा तापतो, कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. मग आधी प्लग बदलतात, नंतर फिल्टर, नंतर इंजेक्टरची सफाई होते. पैसे जात राहतात आणि कॅटकॉनचं, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बारीक जाळीतून धूर साफ करणाऱ्या डब्याचं (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) नाव सगळ्यात शेवटी निघतं. गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती मोबाइलवर दाखवणारा, हजार रुपयांच्या आत मिळणारा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर हा फेरा नक्की वाचवतो. मात्र बहुतेक लोक तो फक्त बिघाडाचे कोड वाचायला वापरतात, आणि तिथेच फसतात.

पी०४२० हा कोड आला की कॅटकॉन चोक झाला, असं बिनदिक्कत सांगितलं जातं. ते चूक आहे. गाडीचा कॉम्प्युटर मागच्या ऑक्सिजन सेन्सरवरून एवढंच ताडतो की आतला थर ऑक्सिजन नीट धरून ठेवत नाही, म्हणजे धूर साफ करण्याची ताकद घटली आहे. जाळी मोकळी असूनही हा कोड येतो, आणि जाळी अर्धी बुजलेली असूनही अनेकदा येत नाही. सायलेन्सरमधला दाब मोजणारा सेन्सर साध्या पेट्रोल गाडीत नसतोच, मग ती कोंडी कोडमध्ये दिसणार कुठून? तेव्हा कोड बघून घ्या, पण त्यावर पैसे खर्च करू नका.

स्कॅनरचे पैसे वसूल होतात ते लाइव्ह डेटामध्ये, म्हणजे सेन्सरच्या चालू आकड्यांमध्ये, आणि त्यातही मॅप सेन्सरच्या, म्हणजे इंजिनात हवा शिरते तिथला दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या आकड्यात. स्विच ऑन, इंजिन बंद ठेवून पाहा. जळगाव-धुळ्याच्या उंचीवर आकडा ९७-९८ किलोपास्कलच्या आसपास हवा. चाळीसगावहून कन्नड घाट चढून वर गेलं की तोच तीन-एकने उतरतो. इथेच आकडा भलता दिसला तर आधी सेन्सर तपासा, नाहीतर पुढची तपासणी वाया जाईल. मग इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद ठेवा. आयडलला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, साधारण ३० ते ४० दिसतं. आता न्यूट्रलमध्ये २५०० आरपीएमवर पाय स्थिर ठेवा आणि एक पूर्ण मिनिट फक्त आकडा बघा. निरोगी इंजिनात तो आयडलइतकाच किंवा थोडा कमी होऊन तिथेच थांबतो. चोक असलेल्या गाडीत आधी ३२ दिसतो, मग ३५, मग ३९, पाय हललेला नसताना हळूहळू चढत जातो. बाहेर पडायला वाट न मिळालेला धूर सिलिंडरमध्येच उरतो आणि नव्या हवेला जागा राहत नाही. टर्बो गाडीला हे गणित जसंच्या तसं लावू नका.

दुसरी खूण फ्युएल ट्रिमची, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी (वजा) किंवा जास्त (अधिक) करतोय त्या आकड्याची. मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत कॉम्प्युटर वाढलेल्या आकड्याला जास्त हवा समजून जास्त पेट्रोल सोडतो, म्हणून ट्रिम वजा बाजूला जातो. हे फार उपयोगी आहे, कारण उन्हात दमलेला पेट्रोल पंपही हुबेहूब अशीच लक्षणं दाखवतो. पंप कमी पडत असेल तर ट्रिम अधिक बाजूला चढतो आणि चढावर पुढच्या (कॅटकॉनच्या आधीच्या) ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज खाली पडतो. एअर फिल्टर बुजला असेल तर पूर्ण पाय दाबूनही मॅप बाहेरच्या दाबाच्या बराच खाली राहतो. लळिंग घाटात भरल्या गाडीने एक चढ घेतला तरी हा फरक कळतो. फक्त मोबाइल शेजारच्याच्या हातात द्या आणि नोंद चालू ठेवा, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. आत जाणारी हवा थेट मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत ट्रिम फारसा हलत नाही, तिथे पूर्ण पाय दाबल्यावर हवेचे ग्रॅम कमी दिसतात.

उपकरणाबद्दल थोडं. बाजारात बहुतेक ईएलएम ३२७ या स्कॅनर चिपच्या नकला आहेत. व्हर्जन २.१ लिहिलेल्या अनेक नकला काही कमांड घेत नाहीत, १.५ वाल्या सहसा बऱ्या निघतात. आयफोनला साधा ब्लूटूथ स्कॅनर जोडला जात नाही, त्यासाठी वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा घ्या. जुन्या गाडीत आकडे सावकाश बदलतात, म्हणून स्क्रीनवर तीन-चारच ठेवा: आरपीएम, मॅप, दोन्ही ट्रिम (शॉर्ट टर्म म्हणजे तात्पुरता आणि लाँग टर्म म्हणजे साचलेला). काम झालं की काढून ठेवा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते. २०१३ च्या आधीची गाडी असेल तर स्कॅनर जोडला जाईलच असं नाही, म्हणून तो विकत घेण्यापूर्वी कुणाचा तरी लावून बघा.

तरी एक गोष्ट स्कॅनर सांगू शकत नाही: कोंडी नेमकी किती. त्यासाठी धुराच्या वाटेतला दाब थेट मोजणारा बॅक प्रेशर गेज लागतो. इंजिन थंड असताना पुढचा ऑक्सिजन सेन्सर २२ च्या पान्याने काढायचा, त्याच १८ मिलिमीटरच्या आट्यात गेजचा नोजल बसवायचा. आयडलला दाब दीड पीएसआयच्या (दाबाचं एकक) आत आणि २५०० ला तीनच्या आत असेल तर वाट मोकळी. त्याच्या वर स्थिर राहिला तर कॅटकॉन किंवा मागचा सायलेन्सर बुजलाय. रबरी नळी तापून वितळते, म्हणून दोन-तीन मिनिटांत आटोपा. गॅरेजवाला गेज न लावताच "कॅटकॉन बदला" म्हणाला, तर आधी ही मोजणी मागा. सेन्सर काढल्यावर इंजिन एकदम मोकळं फिरू लागलं, हाही पुरावाच, पण तसं काढून गाडी रस्त्यावर फिरवू नका. भोकातून निघणारा गरम वायू जवळच्या वायरी जाळतो.

संशय असेल तोवर गाडी शेतात वाळलेल्या गवतावर किंवा पऱ्हाट्यांवर उभी करू नका. बुजलेला कॅटकॉन, त्यात इंजिन मिसफायर करत असेल (सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसेल) तर, लाल होईपर्यंत तापतो.

डब्याला बाहेरून लाकडी दांड्याने हलकं ठोका. आत खडखड झाली तर जाळी तुटली आहे, मग टाकीत ओतायच्या बाटल्यांनी काहीही होणार नाही. वितळलेली जाळीही बाटलीने उघडत नाही. सरळ पाइप टाकून देतो म्हणणाऱ्यालाही हो म्हणू नका. त्याने गाडी चालेल, पण विषारी धूर तसाच बाहेर पडेल, आणि गाडीचं प्रदूषण नियंत्रण उपकरण काढून टाकणं नियमात बसत नाही. जुन्या कॅटकॉनमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, त्याला भंगारात चांगला भाव आहे. बदललात तर जुना परत मागा किंवा त्याची किंमत बिलातून वजा करून घ्या.

नवा बसवण्याआधी पी०३०० ते पी०३०४ पैकी मिसफायरचा कोड आहे का बघा. मिसफायर होणारी कॉइल, झिजलेले प्लग, ऑइल खाणारं इंजिन, बिघडलेलं सीएनजी ट्यूनिंग, यातलं काही तसंच राहिलं तर न जळलेलं इंधन किंवा ऑइलची राख नव्या जाळीलाही तेच करेल. नवा बसल्यावर आयडल आणि २५०० वरचे मॅपचे आकडे सर्व्हिस बुकात लिहून ठेवा आणि दर सर्व्हिसला त्याच पद्धतीने पुन्हा घ्या.