ठासणीच्या रायफलीचं किट, गच्च बॅरल आणि अकरा महिने

किट गेल्या नोव्हेंबरात आलं, नळी लाकडात बसायला जानेवारी उजाडला, पहिला बार एप्रिलमध्ये काढला. म्हणजे अकरा महिने घरात आणि त्यातले सहा-सात महिने प्रत्यक्ष वापर. एवढ्या काळानंतर लिहिलेलं बरं, कारण फेब्रुवारीत लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या लिहिल्या असत्या.

आधी हे काय प्रकरण आहे ते सांगतो. मी पेनसिल्व्हेनियात राहतो, लँकेस्टरपासून पाऊण तासावर. अठराव्या शतकात या भागात जर्मन कारागिरांनी लांब नळीच्या, चकमकीवर चालणाऱ्या रायफली बनवायला सुरुवात केली. लँकेस्टरचा जेकब डिकर्ट (१७४०–१८२२) त्यातला मोठा माणूस. गंमत म्हणजे जग त्यांना केंटकी रायफल म्हणतं, बनल्या बऱ्याचशा इथे. आपल्याकडे जिला ठासणीची बंदूक म्हणतात तीच जात, फक्त नळीच्या आतून पीळ काढलेला. तोंडातून दारू, मग कापडाच्या चकतीत गुंडाळलेली शिशाची गोळी, वरून गजाने ठासायचं. अशा रायफलीचं किट मिळतं. लाकडी दस्ता अर्धामुर्धा कोरलेला, नळी, लॉक (ठिणगी पाडणारी कळ), चाप, पितळी सामान, बाकी घासकाम आपलं. माझं .५० कॅलिबरचं, ४२ इंची बॅरल (म्हणजे नळीच), मेपलचा दस्ता. पैसे बाराशे डॉलरच्या वर गेले. कंपनीचं नाव देत नाही, कारण खाली जे रडगाणं आहे त्यात माझी चूक किती आणि त्यांची किती हे मलाच अजून नीट ठरवता आलेलं नाही.

भारतातून वाचणाऱ्यांना एक सांगतो, तिकडे हे घरी करायचं नाही, शस्त्र कायद्यात सरळ गुन्हा आहे. इथे अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ठासणीच्या बंदुका पुराणवस्तूंच्या खात्यात जातात म्हणून किट घरपोच येतं, तरी राज्याराज्यात नियम बदलतात, आपापलं बघून घ्या.

आता बॅरल. आठ कोनी असते, आणि माझी सरळ दांडक्यासारखी नाही, मागे जाड, मधे बारीक, तोंडाशी परत किंचित फुललेली. दिसायला झकास, पण या आकारामुळे ती दस्त्याच्या खाचेत मागून पुढे सरकवता येत नाही, वरूनच सरळ खाली बसवावी लागते, सगळी लांबी एकदम. किटबरोबरच्या कागदावर लिहिलेलं की हलक्या दाबाने बसेल. माझी तोंडाकडे बसली, मधे बसली आणि मागच्या बाजूला, जिथे सगळ्यात जाड आहे तिथल्या तीनेक इंचात, जेमतेम सोळांश इंच वर राहिली. तेवढंच. आणि तेवढंच वर राहिलं की लॉक जुळत नाही, रंजकाचं भोक (नळीच्या बाजूचं, ज्यातून आग आतल्या दारूपर्यंत जाते) पॅनच्या, म्हणजे पेटवायची दारू ठेवायच्या वाटीच्या, वर जातं, पुढचं सगळंच बोंबलतं.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, हे कबूल करायला लाज वाटते, कारण मी रबरी हातोडी घेतली. तीन ठोके. बॅरल अर्धी रेष खाली गेली आणि तिसऱ्या ठोक्याला पुढच्या टोकाकडे कट् असा बारीक आवाज आला, पापड मोडतो तसा. त्या टोकाला लाकडाची भिंत किती जाड असते ते बघा, दोन-तीन मिलिमीटर. दोन इंचांची केसाएवढी चीर. पुढचे दहा मिनिटं मी बेसमेंटच्या पायरीवर नुसता बसून होतो.

त्याहून वाईट म्हणजे आता ती निघेना. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, अडकलेली बॅरल तोंडाकडून उचलायची नाही. मागे गच्च आणि पुढे उचललेली म्हणजे दस्ता मधेच मोडणार. मी दस्ता उलटा धरून गादीवर हलके हलके आपटला, दोन्ही टोकं एकदम खाली येतील असा, वीस-पंचवीस वेळा, तेव्हा बाईसाहेब बाहेर आल्या. चिरेत पातळ सुपरग्लू सोडला, सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून रात्रभर आवळून ठेवलं. ती चीर आज फक्त मला दिसते.

मग शहाणपण सुचलं. लाकूड नेमकं कुठे अडतंय ते कळायला लोखंडाला काळं लावायचं, बसवायचं, काढायचं, जिथे लाकडावर काळं उमटलं तिथे खरवडायचं. त्याचं तयार काळं विकत मिळतं, काही लोक सरळ लिपस्टिक वापरतात (बायकोने नजरेनेच नाही म्हटलं). पूर्वीचे लोक दिव्याची काजळी लावायचे. आई तेव्हा इथेच होती, कुडाळहून सहा महिन्यांसाठी आलेली. तिने निरांजन लावलं, वर स्टीलची ताटली उपडी टांगली, अर्ध्या तासाने जमलेली काजळी एरंडेलात कालवून दिली, अगदी आमच्या लहानपणी करायची तशी. आणि मी ते ब्रशने नळीला लावायला लागलो तर म्हणते, "अरे, बंदुकेक काजळ कित्याक घालतंस? दिष्ट लागतली काय तिका?"

काजळ एक नंबर निघालं. विकतच्या काळ्यापेक्षा पातळ लागतं आणि कापसाने पुसलं की जातं. पण पहिले दोन दिवस मी तेही चुकीचं वाचत होतो. जाड थर दिला की सगळीकडेच काळं लागतं, खाच अख्खी माखते आणि काही कळत नाही. शिवाय नळी खाली उतरताना बाजूच्या भिंतींना घासत जाते, तिथे उभे फराटे उठतात. ते अडल्याचे नाहीत, जाता जाता पुसल्याचे. मी तेच फराटे खरवडत बसलो. दोन संध्याकाळी भिंती खरवडल्या आणि नळी होती तिथेच, एक केसही खाली नाही.

खरा अडथळा तळाच्या कोपऱ्यात होता. ही खाच मशीनने कोरलेली, फिरत्या कटरने, आणि फिरत्या कटरचा कोपरा किंचित गोल राहतो. नळीच्या आठ धारा मात्र चांगल्या टोकदार. म्हणजे चौकोनी डबा गोल बुडाच्या भांड्यात बसवण्यातला प्रकार, तळ टेकतच नाही, धाराच टेकतात. हे दिसलं कसं तर टॉर्च आडवी धरून, आणि काजळ अगदी नावापुरतं लावून. तळाच्या दोन्ही कोपऱ्यांत दोऱ्याएवढी काळी चकचकीत रेघ, तीन इंच लांब, बाकी तळ कोरा. चकचकीत हा शब्द महत्त्वाचा आहे. जिथे नुसतं लागलंय तिथे काळं मॅट दिसतं, जिथे दाबलं गेलंय तिथे लाकूड पॉलिश केल्यासारखं चमकतं. ही चमक बघायला शिकलो तिथून पुढचं काम तीन तासांत झालं. हॅकसॉच्या तुटक्या पात्याला ग्राइंडरवर टोक काढून खरवडणी केली, दोन-तीन हात मारायचे, काजळ, बसवा, काढा, परत. सॅंडपेपर या कामाला घेऊ नका, त्याने कोपरा अजून गोल होतो.

आमच्या नेमबाजीच्या रेंजवर एक सत्तरीचे गृहस्थ आहेत, आठ-दहा रायफली बनवलेले, त्यांनी नंतर सांगितलं की ते लाकडाच्या नादी न लागता नळीच्या खालच्या धाराच कानशीने किंचित मारतात, दस्त्याच्या आत कोण बघतंय. पाच मिनिटांचं काम. हे आधी भेटले असते तर!

अजून एक जागा जिथे मी आळस केला नाही त्याचा आनंद आहे. नळीचं मागचं तोंड लाकडाला पूर्ण टेकलं पाहिजे, बार काढल्याचा धक्का तिथे जातो. आणि त्यामागची जी शेपटी असते, स्क्रू जातो ती, तिच्या पाठीमागे मात्र कागदाएवढी मोकळीक हवी. उलटं झालं तर दर बाराला ती शेपटी पाचरीसारखी दस्त्याच्या मनगटात (हाताने धरायच्या बारीक भागात) घुसते आणि दस्ता फाटतो. नळीच्या बुडाचा प्लग मात्र किटमध्ये बसवूनच येतो, त्याला हात लावायचा नाही, तो आपला प्रांत नाही.

आता खरी गंमत, आणि हीच लिहायला मुळात बसलो. जानेवारीत नळी बसली ती अशी बसली की अंगठ्याच्या दाबाने आत आणि केसाचीही फट नाही. मी फोटो काढून चार जणांना पाठवले. जुलैमध्ये एकदा साफ करताना बघतो तर मागच्या बाजूला उजवीकडे फट. प्रिंटरच्या कागदाची पट्टी घातली, गेली. दोन पट्ट्या घातल्या, त्याही गेल्या.

मला वाटलं जवस तेलाचा हात कमी पडला, लाकूड सुकलं. पण जुलैत सुकेल कशाला, इथला उन्हाळा मुंबईसारखा चिकट असतो. आपल्या डोक्यात काय बसलेलं असतं, पावसाळ्यात दार फुगतं आणि चौकटीत अडकतं, म्हणजे दमट हवेत सगळं गच्च होतं. कुदळीचा दांडा ढिला झाला की रात्रभर पाण्यात ठेवायचा. बैलगाडीचं चाक उन्हाळ्यात आटलं की लोखंडी धाव सुटायला येते, मग चाक ओढ्यात बुडवून ठेवायचं. बरोबर आहे, पण या सगळ्यात लाकूड आत आणि लोखंड किंवा चौकट बाहेर. माझ्याकडे उलटं, लोखंड आत, लाकूड बाहेर. लाकूड फुगलं की त्यातली खाचही त्याच प्रमाणात रुंद होते, बांगडी तापवली की भोकही मोठं होतं तसं. आणि हिवाळ्यात हीटिंग चालू झालं, हवा कोरडी पडली, की लाकूड आखडतं आणि खाचही आखडते. बेसमेंटचा हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारा) जानेवारीत २७ टक्के होता, जुलैत ६६.

म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात माझी नळी अडली त्यात कोपऱ्यांचा दोष होताच, पण दस्ता कुठल्यातरी दमट जागी कोरला गेला असणार आणि माझ्या हीटिंगच्या हवेत येऊन आवळला असणार. किट उघडलं आणि त्याच आठवड्यात हातोडी घेतली. दस्ता दोन-तीन आठवडे घरच्या हवेत नुसता उघडा ठेवला असता आणि मग काजळ घेऊन बसलो असतो तर पुढे लाकूड अजून किती हलणार याचा अंदाज तरी आला असता. किटच्या कागदावर याबद्दल एक ओळ नाही, ही माझी खरी तक्रार.

या फटीने नेमबाजीत काही फरक पडतो का? माझ्या दर्जाला तरी नाही. नळी पिनांनी आणि मागच्या स्क्रूने धरलेली असते, लाकडाने आवळलेली नसली तरी चालतं. उलट खूप आवळलेली असती तर ऋतू बदलला की नेम सरकला असता असं ते रेंजवरचे गृहस्थ म्हणतात, आणि मला ते पटतं. पन्नास यार्डावर टेकून मारल्या तर गोळ्या चहाच्या बशीत बसतात. पुढची माशी (नळीच्या तोंडाशी नेम धरायचा उंचवटा) थोडी कानशीने उतरवावी लागली, सुरुवातीला सगळं खाली लागत होतं.

फटीचा त्रास वेगळाच आहे, सफाईचा. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड खाते, त्यामुळे त्याच दिवशी गरम पाण्याने धुवायलाच लागतं. माझी नळी पिनांवर आहे, दर वेळी काढायची नसते, रंजकाच्या भोकात टूथपिक खुपसून उभी धुवायची. ते काळं पाणी ओघळून फटीतून दस्त्यात उतरतं. ऑगस्टात नळी काढून बघितली तर खाचेत मागे रुपयाएवढा काळा डाग. कारण मी दस्त्याला बाहेरून आठ हात जवस तेल दिलं आणि आतून एकच, घाईत. आत कोण बघतंय म्हणून. आता आतून तीन हात दिलेत आणि फटीत मेण भरलंय, मधमाशीचं, बोटाने दाबून. मेण थंडीत बाहेर ढकललं जातं, पुसून टाकायचं. पिनांसाठी नळीखालची भोकं लांबट करून ठेवली होती, ते बरं केलं, नाहीतर लाकूड हललं की पिना वाकल्या असत्या.

बाकी किटबद्दल थोडक्यात. लॉक उत्तम, दहातल्या नऊ वेळा ठिणगी पडते आणि दहावी वेळ बहुतेक माझीच गारगोटी बोथट झालेली असते. पितळी सामान ओबडधोबड, घासून घासून बोटं सोलली. गज सरळ होता, पावसाळी महिन्यांत जरा वाकला. मेपलचे पट्टे तेलाने असे उठून आले की त्या एका दिवसासाठी सगळं माफ. कापडाच्या चकतीला मी खोबरेल लावतो, रेंजवर सगळ्यांना वास आवडतो, पण नोव्हेंबरात थिजणार तेव्हा काय करायचं ते ठरवलेलं नाही.

आईला व्हिडिओ कॉलवर तयार झालेली दाखवली. आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची होती, रानडुकरांसाठी, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर आणायची. आई म्हणाली तिची नळीपण हलायची, आजोबा तारेने बांधून ठेवायचे.

आज हायग्रोमीटर ४१ दाखवतोय, घरात हीटिंग परवाच चालू केलं. उजवीकडच्या फटीत दोन पट्ट्या जात होत्या तिथे आता एक जाते, तीही अडत अडत.