जळगावच्या मे महिन्यात जॉब कुठे लावायचा?

पीएचडीची नोंदणी झाली, थोडाफार निधी हाताशी आला, की प्रश्न पडतोच: जॉब, म्हणजे संगणकाला दिलेलं लांबलचक काम, चालवायला लॅबमध्ये स्वतःचं वर्कस्टेशन (ताकदवान डेस्कटॉप) घ्यावं की विद्यापीठाच्या क्लस्टरवर (एकमेकांना जोडलेल्या, सगळ्यांनी वाटून वापरायच्या मशीनवर) खातं काढावं? मी दोन्हींवर हात भाजून घेतलेत. काम केळीचं: रावेर-यावलच्या बागांत काढलेल्या पानांच्या फोटोंवरून करपा रोग ओळखायला संगणकाला शिकवायचं, म्हणजे ट्रेनिंग.

क्लस्टर म्हणजे वेगवान मशीन, हा समज आधी काढून टाका. त्याच्या एकेका कोरचा (प्रोसेसरमधल्या आकडेमोड करणाऱ्या एका भागाचा) वेग बहुधा चांगल्या डेस्कटॉपपेक्षा कमीच असतो. तुमचा प्रोग्राम एकाच कोरवर चालणारा असेल, तर तिथे तो उलट रेंगाळेल. क्लस्टरची खरी ताकद संख्येत आहे. एकच प्रयोग पन्नास वेगवेगळ्या आकड्यांनी करून बघायचा असेल, तर पन्नास जॉब एकदम लावता येतात. वर्कस्टेशनवर ते एकामागून एक.

रांगेला लोक उगाच घाबरतात. क्लस्टरवरची रांग सांभाळणाऱ्या स्लर्म या प्रोग्रामला सांगावं लागतं, किती कोर, किती रॅम, किती तास. मोठ्या जॉबसाठी नोड (क्लस्टरमधल्या एकेक मशीन) मोकळे व्हायची वाट बघताना मधल्या वेळेत छोटे जॉब आत सरकवले जातात. भरल्या एसटीत सुटा माणूस कोपऱ्यात मावतो, वऱ्हाड नाही मावत, तसंच. मात्र वेळ बेताची मागायच्या नादात मी एकदा २४ तास लिहिले आणि ट्रेनिंगला लागणार होते २६. वेळ संपली, स्लर्मने जॉब मारला. मध्ये कुठेही चेकपॉइंट, म्हणजे तोवरच्या कामाची जतन केलेली प्रत, लिहिलेला नव्हता, त्यामुळे हाती आली ती फक्त लॉग फाइल. तेव्हापासून दर तासाला चेकपॉइंट. आणि लॉगिन नोडवर, म्हणजे जिथून सगळे क्लस्टरमध्ये शिरतात त्या मशीनवर, ट्रेनिंग सुरू करू नका. तो सगळ्यांचा उंबरठा आहे, तिथे खाट टाकायची नसते.

वर्कस्टेशनवर ना रांग, ना मुदत, ना कुणाची परवानगी. हवी ती लायब्ररी टाका, मध्येच थांबवा, पुन्हा चालवा. कोड लिहिण्या-तपासण्यासाठी याला तोड नाही. पण आपल्याकडचा मे लक्षात घ्या. बाहेर पारा ४४-४५, खोलीत एसी नाही, तर जीपीयू (ट्रेनिंगची आकडेमोड करणारं कार्ड) तापून स्वतःच वेग कमी करतो. त्यात लाईट गेली, की साधा यूपीएस मशीन नीट बंद करण्यापुरताच पुरतो. वर्कस्टेशनच्या कोटेशनमध्ये एसी आणि यूपीएस धरलेले नसतील, तर ती किंमत अर्धवट आहे.

डेटाचं गणित कागदावर मांडा. माझे फोटो ६० जीबी, अपलोडचा वेग १० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, मेगाबाइट नव्हे). म्हणजे तेरा तासांहून जास्त. पाठवताना आरसिंक हा फाइली पाठवायचा प्रोग्राम वापरा, तुटलं तर राहिलेल्या फाइलींपासून पुढे चालू करता येतं. स्क्रॅचवर (क्लस्टरवरच्या तात्पुरत्या साठ्यावर) टाकलेला डेटा बहुतेक ठिकाणी ठरावीक दिवसांनी पुसला जातो आणि त्याचा बॅकअप नसतो, तेव्हा मूळ प्रत घरीच.

मला विचाराल तर निधीतून महागडं वर्कस्टेशन घेऊ नका. मध्यम डेस्कटॉप घ्या, त्यावर शंभर फोटोंवर कोड धड चालतोय का ते बघा आणि लांबचे जॉब क्लस्टरवर पाठवा. फक्त डेटा बाहेर न्यायची परवानगीच नसेल, रुग्णांच्या नोंदी वगैरे, तर वर्कस्टेशनला पर्याय नाही.

खात्याच्या अर्जावर बहुतेक ठिकाणी मार्गदर्शकांची सही लागते. ती उन्हाळी सुट्टी लागायच्या आत घ्या.