काळ्या रंगाखालची पुली

वडिलांची महिंद्राची एमएम ५४० जीप. तिचं २११२ सीसीचं मूळ प्यूजो इंजिन शेवटी इतका धूर ओकायला लागलं, की मी गाडी काढली की गल्लीतले लोक खिडक्या लावून घ्यायचे. बोअर, पिस्टन, डिझेल पंप असा खर्चाचा हिशेब मांडला आणि त्यापेक्षा बोलेरोचं २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन टाकावं असं ठरलं. इंजिन मी स्वतः बघून, चालवून घेतलं. ते आजही ठणठणीत आहे. मी बुडालो ते त्याच्या तोंडावरच्या, बेल्ट ज्यांवरून फिरतो त्या पुल्या आणि ब्रॅकेटमध्ये.

इंजिन माउंटिंगवर बसलं की काम झालं, असं आपल्याला वाटतं. पण माझ्या जीपमध्ये पॉवर स्टिअरिंगचा पंप चासीला अडत होता, त्यामुळे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही वर सरकवावा लागणार होता. म्हणजे ब्रॅकेट नवे, आणि बेल्टची वाट बदलली की पुल्याही नव्या.

पुण्याबाहेर हायवेलगतचं एक गॅरेज. मालक गोड बोलणारा. "सर, आपल्याकडे रेडिमेड किट आहे, सीएनसीवर केलेलं. नुसते बोल्ट आवळायचे." किंमत ४२,००० रुपये, निम्मे आधी, सगळे रोख. बिल मागितलं तर "घरचंच काम आहे, बिल कशाला?" इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची आधी परवानगी लागते, तर त्यावरही "पासिंगचं मी बघतो". त्याने काहीही बघितलं नाही, पुढे हेलपाटे मीच घातले. खरं तर मी 'किट' या शब्दालाच भुललो. किट म्हणजे कुणीतरी आधी मापं घेतली असणार, हे मीच मनाशी धरून चाललो. तेच किट बसवलेली एखादी चालू गाडी दाखवा, एवढंही मी म्हटलं नाही.

गाडी ताब्यात मिळाली तेव्हा बॉनेटखाली सगळं काळंभोर, चकचकीत. आठ दिवसांत बेल्ट चीं-चीं करायला लागला आणि ब्रॅकेटवर काळी भुकटी साठू लागली. पहिला बेल्ट ७०० किलोमीटरमध्ये गेला. फोन केला तर "लोकल बेल्ट लागला असेल सर". दुसरा कंपनीचा घातला, तोही गेला.

तिसरा तुटला करूळ घाटात, उतरताना. डिझेल इंजिनात ब्रेक बूस्टरला, म्हणजे पेडल हलकं करणाऱ्या भागाला, लागणारा व्हॅक्यूम इंजिन आपोआप देत नाही. त्याचा पंप माझ्या गाडीत अल्टरनेटरच्या पाठीला आहे. बेल्ट गेला की चार्जिंग गेलं, आणि दोन-तीनदा पाय दाबल्यावर ब्रेकची मदतही गेली. आधी लाल दिवा लागला, मग पेडल दगडासारखं घट्ट. दुसऱ्या गिअरवर, दोन्ही पायांनी पेडल दाबत गाडी कडेला घेतली आणि चाकाखाली दगड घातला. शेजारी बायको बसली होती. ती वैभववाडीपर्यंत एक शब्द बोलली नाही.

कोल्हापुरात उद्यमनगरात एका जुन्या टर्नरमामांकडे गाडी नेली. त्यांनी काहीही न विचारता थिनरचा बोळा घेतला आणि अल्टरनेटरची पुली पुसली. रंगाखाली वेल्डिंगचा गोल वळ! भंगारातली कुठल्या तरी गाडीची पुली, मधला भाग कापून दुसऱ्याचा डकवलेला. पुली सरळ फिरते का बघायला डायल गेज लावला, तर काटा नुसता नाचत होता. मग त्यांनी खाचेत बोट फिरवायला सांगितलं. तळ आरशासारखा गुळगुळीत. व्ही-बेल्ट कडांनी पकड घेतो, तळाला टेकता कामा नये. इथे खाच हातानेच रुंद केलेली, बेल्ट खाली बसून घसरत होता. म्हणून मी तो जास्त ताणायचो, आणि बेअरिंगची वाट लावायचो.

शेवटी क्रँक पुलीच्या, म्हणजे बेल्ट फिरवणाऱ्या मुख्य पुलीच्या तोंडावर स्टीलची पट्टी आडवी धरली आणि अल्टरनेटरची पुली तिच्या रेषेत येते का ते पाहिलं. "दोन सूत फरक हाय की ओ," मामा म्हणाले. दोन सूत म्हणजे सहा मिलिमीटर. व्ही-बेल्टला साधारण अर्धा अंश वाकडेपणा चालतो, म्हणजे फूटभर अंतरात अडीच-तीन मिलिमीटर, जेमतेम एक सूत. आणि हा फरक भरून काढायला ब्रॅकेटमागे एकावर एक तीन वॉशर कोंबलेले. ब्रॅकेट पाच मिलिमीटर प्लेटचा, गॅसने कापलेला, कोपऱ्यात आधाराची पट्टी नाही. अल्टरनेटर आणि पंपाचं वजन डिझेलच्या थरथरीत त्यावर लोंबकळत होतं. बोल्टच्या भोकापासून चीर गेलेली दिसत होती. सीएनसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या कामाचा मागमूसही नव्हता.

एक बरं, क्रँक पुलीला गॅरेजवाल्याने हात लावला नव्हता. काही इंजिनांच्या क्रँक पुलीत झटके शोषायला रबराचा थर असतो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तो जळतो. तुमच्या तशा पुलीवर कुणी वेल्डिंग करू म्हणाला, तर गाडी तिथून काढा.

मामांनी दहा मिलिमीटरची प्लेट, त्रिकोणी आधार, वॉशरऐवजी लेथवर काढलेली बुश आणि नवी पुली असं सगळं दोन दिवसांत केलं. व्हॅक्यूम पंपाच्या तेलाचा परतीचा पाइप वर चढवलेला होता, तो खाली उताराने घेतला. ९,५०० रुपये, आणि वहीतल्या पानावर का होईना, बिल.

गॅरेजवाल्याचं उत्तर एकच, "वापरलेला माल परत होत नाही." ग्राहक आयोगात जायचं तर कागद काय दाखवू? त्याच्या जाहिरातीत मात्र माझी जीप अजून आहे, बॉनेट उघडं, इंजिन चालू. गाणं मोठ्याने लावलंय, पण कान देऊन ऐकलं तर मागे चीं-चीं ऐकू येते.