चौदा महिने, तीन बेल्ट आणि मुठीत दडलेला अंगठा

गेल्या महिन्यात माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने कराटेच्या क्लासमध्ये पॅडवर ठोसा मारला आणि उजव्या हाताचा अंगठा सुजवून घेतला. एक्स-रेमध्ये काही निघाले नाही, परंतु डॉक्टरांनी मूठ वळून दाखवायला सांगितल्यावर त्याने अंगठा चार बोटांच्या आत दाबून धरला. अंगठा बाहेरून, तर्जनी आणि मध्यमेवर आडवा ठेवायचा, हा पहिल्या दिवसाचा धडा; आणि चिरंजीव तोवर ग्रीन बेल्ट झाले होते.

सोसायटीच्या हॉलमधला हा क्लास आम्ही चौदा महिने केला. महिना १,२०० रुपये फीबद्दल माझी तक्रार नव्हती. उलट मूल घामाघूम होऊन घरी येते आणि जेवते, एवढ्यावर मी शेजारच्या दोन घरांना याची शिफारसही केली, जी आता मला छळते आहे. खटकली ती बेल्टची परीक्षा. दर चार महिन्यांनी १,८०० रुपये, आणि तिन्ही वेळा एकही मूल नापास नाही. त्या पैशांत मिळालेल्या यलो बेल्टचा रंग पहिल्याच धुण्यात पांढऱ्या ड्रेसला लागला. तसाच बेल्ट खेळाच्या दुकानात १५० रुपयांना मिळतो, हे मी स्वतः जाऊन पाहून आलो. बाब क्षुल्लक आहे हे मला कळते, तरी तो पिवळा डाग पाहिला की हिशोब आठवतो.

सुरुवातीला मी बेल्ट या प्रकारालाच दोष देणार होतो. परंतु शोतोकान या कराटे-शैलीचे संस्थापक गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ मध्ये आपल्या शिष्यांना ब्लॅक बेल्ट दिले, ती पद्धत ज्यूदोकडून घेतलेली होती, आणि तीत मुळात काही गैर नाही. गैर आहे ती नापास न होणारी परीक्षा. शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू की वादो-र्यू, तुमची शैली कोणती, असे विचारल्यावर सरांनी "सगळ्यांचं मिक्स" असे उत्तर दिले, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

आता दुसरीकडे जातो. तिथल्या शिक्षिकेने त्याला हेयान शोदान ही काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची मालिका, करायला सांगितली. शोतोकानच्या या काताच्या एकवीस हालचालींपैकी शेवटच्या चार शुतो-उके (उघड्या हाताच्या कडेने वार अडवणे) मागच्या पायावर भार ठेवून करायच्या असतात. हा मात्र बसथांब्यावर उभा असल्यासारखा दोन्ही पायांवर सरळ. त्याचा दम चांगला आहे, असे त्या म्हणाल्या, आणि त्याचे श्रेय जुन्या सरांना द्यायलाच हवे. मग त्यांनी व्हाइट बेल्ट बांधला आणि सहा महिने परीक्षेचे नाव काढायचे नाही, असे बजावले.

जुन्या सरांकडे आगाऊ भरलेले दोन महिन्यांचे पैसे परत मागितले, तर ते म्हणाले, "ब्लू बेल्टच्या एक्झामला बसवा, त्यात ॲडजस्ट करू."